ब्रूपबची बिअर पारखायची कशी?

प्रश्न असा आहे: "ताई, इंदूरच्या विजयनगरकडच्या एका ब्रूपबमध्ये आम्ही मित्र दर पंधरवड्याला जातो. तिथल्या चारही बिअर तिथेच बनतात. गव्हाची बिअर एकदा केळ्यासारखी लागली, पुढच्या वेळी लवंगेसारखी. मागच्या महिन्यात पिवळ्या बिअरला तर चक्क लोण्याचा वास होता. जागा आवडते, तिच्याबद्दल मित्रमंडळींसाठी नीट लिहायचंय, पण मुद्दाम केलेलं काय आणि बिघडलेलं काय हेच कळत नाही. कसं ठरवायचं?"

तुम्ही सांगितलेल्या तीन वासांपैकी दोन हवेतच आणि एक अजिबात नको. केळं आणि लवंग ही त्या गव्हाच्या बिअरची ओळख आहे. लोणी मात्र टाकी लवकर रिकामी केल्याची खूण असते, किंवा नळी नीट न धुतल्याची.

उत्तराआधी एक गोष्ट सांगायला हवी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी मराठवाड्यातल्या एका मोठ्या ब्रुअरीच्या लॅबमध्ये ११ वर्षं काढली आणि इंदूरला आल्यापासून ब्रूपबवाल्यांबरोबर काम करते, टाक्या बसवण्यापासून रेसिपी बसवण्यापर्यंत. तुम्ही म्हणता ती जागा कुठली असेल याचा मला अंदाज आहे. तो बरोबर असेल तर तिथला ब्रूमास्टर माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आहे आणि ती माझीही आवडती जागा आहे. त्यामुळे नाव घेत नाही. खाली जे चांगलं म्हणेन ते चाखून म्हणते आहे, आणि जे खटकलं तेही लिहिते.

गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करू. पाटीवर 'हेफेवाइझेन' लिहिलेलं असतं. 'हेफे' म्हणजे यीस्ट, 'वाइझेन' म्हणजे गहू. जर्मन रिवाजाप्रमाणे तिच्यात निम्म्याहून जास्त माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचं असतं, उरलेलं सातूचं म्हणजे बार्लीचं. केळंही घातलेलं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टच तयार करतं. पिकलेल्या केळ्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे यीस्ट साखर खाताना बनवतं. लवंगेचा वास धान्याच्या सालीतल्या फेरुलिक आम्लातून येतो. यीस्ट त्याचं रूपांतर लवंगेसारख्या वासाच्या द्रव्यात करतं. या दोघांतलं पारडं कुठे झुकेल ते बऱ्याच अंशी ब्रूमास्टरच्या हातात असतं. माल्ट भिजवताना ४४ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबलं की लवंग वाढते. यीस्ट १७-१८ अंशांवर कामाला लावलं तर वास आटोपशीर राहतो, २२-२३ वर गेलं की केळं पुढे येतं.

म्हणून तुम्हाला दोन वेळा दोन चवी लागल्या त्यात बिघाड काही नाही. पण एक नोंद करून ठेवा. चांगल्या ठिकाणी हा फरक थोडा असतो. पहिल्या घोटाला केळ्याचं शिकरण आठवावं आणि घोट गिळताना मसालेभातातली लवंग दाताखाली आल्यासारखं वाटावं, इतपत. नुसतं केळंच केळं, केळ्याच्या गोळीसारखं, लागलं तर टाकी तापली होती असं समजा. मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ च्या वर जातो. त्या दिवसांत टाकी गार ठेवणारा चिलर जुना असेल किंवा दुपारी दोन तास वीज गेली असेल, तर त्याचा हिशेब दहा-बारा दिवसांनी ग्लासात लागतो.

आणि लवंग सोडून दवाखान्याचा वास आला, जखमेवरच्या पट्टीसारखा, तर मात्र तो दोषच. त्याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं, जलूदहून साधारण ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असणारच, ते पिण्यासाठी हवंच असतं. बिअर बनवण्याआधी ते काढलं नाही तर माल्टमधल्या फिनॉलशी त्याची गाठ पडते आणि असा वास तयार होतो. तो इतका तीव्र असतो की चिमूटभरसुद्धा पुरतं. बोअरचं पाणी घेणाऱ्यांची अडचण वेगळी असते. आपल्या माळव्याखाली काळा पाषाण आहे, त्यामुळे बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे फिकट बिअर खरखरीत, तुरट होते. काळ्या बिअरला मात्र तेच पाणी चालून जातं, कारण भाजलेल्या माल्टमधला आंबटपणा त्या क्षारांना सांभाळून घेतो. म्हणून जाणते ब्रूमास्टर आरओचं पाणी घेतात आणि बिअरच्या जातीप्रमाणे कॅल्शियमचे क्षार मोजून परत घालतात. बोलता बोलता त्याला नुसतं विचारा, "पाणी कुठलं वापरता?" ज्याला सांगण्यासारखं काही आहे तो पाच मिनिटं बोलायचा थांबत नाही.

आता लोणी. त्या द्रव्याचं नाव डायअ‍ॅसिटिल. बिअर तयार होत असताना यीस्टमुळेच ते निर्माण होतं आणि काम संपत आलं की यीस्टच ते परत शोषून घेतं. याला वेळ लागतो. लागर बिअरला, म्हणजे गारव्यात सावकाश तयार होणाऱ्या बिअरला, शेवटी तापमान १५ ते १८ अंशांपर्यंत वाढवून दोन-तीन दिवस द्यावे लागतात, मगच गार करायचं. आधीच गार केलं तर यीस्ट झोपी जातं आणि लोणी बिअरमध्ये राहून जातं.

आम्ही हे तपासतो ती रीत अगदी साधी आहे. टाकीच्या पोटाला एक छोटा नळ असतो. त्यातून दोन ग्लास भरून घ्यायचे आणि दोन्हींवर झाकण ठेवायचं. एक बाजूला राहू द्यायचा, दुसरा ६० अंशांच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा आणि मग गार करायचा. नंतर झाकणं काढून नाक लावायचं. गरम केलेल्या ग्लासातून कढवायला ठेवलेल्या लोण्याचा वास आला, तर लोण्याचा कच्चा माल अजून बिअरमध्ये आहे, टाकी हलवायची नाही. यात यंत्र नाही, रसायन नाही. तरीही ही तपासणी टाळली जाते, कारण तिचं उत्तर आलं की थांबावं लागतं.

लॅबमध्ये असताना एका उन्हाळ्यात मी हे उत्तर दिलं होतं. गरम ग्लासात लोणी स्पष्ट होतं. लग्नसराई, बाजारात मागणी, टाक्या कमी. वरून निरोप आला की एवढा वास कुणाला कळत नाही. माल गेला. तीन आठवड्यांनी परत आलेली खोकी मी स्वतः मोजली. तेव्हापासून कुठलीही बिअर हातात आली की मी आधी हेच बघते, तिला पुरता वेळ दिला आहे का.

तुमच्या पिवळ्या बिअरमधलं लोणी घाईचं की घाणीचं, हे ठरवायला आणखी एक खूण आहे. टाकीपासून टॅपपर्यंतच्या नळीत जंतू बसले तरी लोणी तयार होतं, पण ते एकटं येत नाही. सोबत आंबटपणा येतो, ताक जास्त दिवस राहिल्यासारखा. त्याच टॅपवर दुसऱ्या बॅचची बिअर पंधरा दिवसांनी पुन्हा तशीच लागली तर संशय नळीवर घ्या. नळ्या दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकने धुवायच्या असतात, नुसत्या पाण्याने नाही. लोणी होतं पण आंबट काही नव्हतं, आणि पुढची बॅच स्वच्छ लागली, तर ती घाई होती. तुम्ही लिहिता ती वेळ आणि माझी भेट जुळत असेल तर मी तीच बॅच प्यायले आहे. लोणी मलाही लागलं, आंबट नव्हतं, आणि मी ते ब्रूमास्टरला तिथल्या तिथे सांगितलं.

आपल्याकडच्या बहुतेक ब्रूपबमध्ये गव्हाचीच बिअर का असते, याचं उत्तरही वेळेतच आहे. पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झालं, पुढच्या वर्षी बंगळुरूत टॉइट आलं, आणि बघता बघता गव्हाची बिअर ही आपल्या ब्रूपबची ओळख झाली. तिला कडवटपणा कमी असतो, नवख्याला चटकन आवडते. मूळचीच गढूळ, त्यामुळे गाळावी लागत नाही. आणि दहा-बारा दिवसांत टॅपवर येते. पिल्सनरसारख्या फिकट पिवळ्या लागरला ९ ते १३ अंशांवर यीस्ट सावकाश चालवायचं आणि नंतर शून्याच्या जवळ चार-सहा आठवडे टाकी अडवून बसायचं. त्या काळात त्याच टाकीत गव्हाच्या तीन बॅच निघाल्या असत्या. भाडं महिन्याचं महिन्याला द्यावं लागतं, तेव्हा मालकाचं मन कुठे झुकतं ते सांगायला नको.

म्हणूनच माझी कसोटी एकच आहे. पाटीवर कॉफी, चॉकलेट, आंबा, मिरची असं काहीही लिहिलेलं असो, मी तिथली सगळ्यात फिकट, सगळ्यात साधी बिअर आधी मागवते. तिच्यात लपायला जागा नसते. स्टाऊट या काळ्या बिअरमध्ये भाजलेल्या माल्टचा वास इतका असतो की बारीक दोष त्याखाली दडतात. आयपीए या कडवट बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, सगळं झाकतात. पिल्सनरमध्ये दोष असला की तो थेट नाकात येतो. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रूअरने ही बिअर पहिल्यांदा केली. तिथलं पाणी अतिशय मऊ, जवळच्या झाटेत्स भागातले हॉप्स आणि फिकट माल्ट. या तिन्हींमध्ये एकही गोष्ट जोरात बोलणारी नाही.

या फिकट बिअरमध्ये आणखी एक वास ओळखायला शिका. इंदूरच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस शिजत असतो ना, तो उकडलेल्या मक्याचा वास. ग्लासातून तसा वास आला तर माल्टचा रस पुरेसा उकळला गेला नाही, किंवा उकळताना झाकण लावून ठेवलं आणि वाफ बाहेर गेली नाही. फिकट माल्टमध्ये हे द्रव्य मूळचंच असतं, तास-दीड तास उघड्यावर खळखळून उकळल्यावर ते वाफेबरोबर निघून जातं. चिरलेल्या कच्च्या भोपळ्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे तिला हवा लागली किंवा ती शिळी झाली. हॉप्सचा वास जुन्या चीजसारखा आला तर हॉप्सची पाकिटं गारव्यात ठेवलेली नव्हती. हॉप्स आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये थोडे होतात, एरवी ब्रूपबवाले हॉप्सच्या दाबून केलेल्या परदेशी गोळ्याच वापरतात, आणि त्या गोळ्यांना आपला उन्हाळा सोसत नाही.

इंग्रजी चव-तक्त्यातले शब्द पाठ करू नका. आपल्या स्वयंपाकघरातले शब्द जास्त अचूक असतात, कारण त्यांचा वास तुमच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. स्टाऊटला 'रोस्टेड' म्हणण्यापेक्षा तव्यावर करपलेला भाकरीचा पापुद्रा म्हणा. लालसर एलला (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत, लवकर होणारी बिअर) चिक्कीच्या पाकाचा वास येतो म्हणा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता त्या जागेच्या बिअरबद्दल. हेफेवाइझेन बहुतेक वेळा उत्तम, लवंग जरा पुढे ठेवलेली, मला तशीच आवडते. आयपीए ठीक आहे, कडवटपणा नेमका आहे पण हॉप्सचा ताजा वास अर्धी टाकी संपल्यावर उतरतो. जास्त खपणारी बिअर नसेल तर हे होतंच. स्टाऊट त्यांनी मागच्या हिवाळ्यात केला होता, तो मात्र मला पातळ वाटला. रंग काळा आणि तोंडात पाण्यासारखा. पण जिच्यासाठी मी तिथे जाते ती त्यांची विटबिअर.

विटबिअर ही बेल्जियमची गव्हाची बिअर. हिच्यात गहू माल्ट न करता कच्चाच घालतात, शिवाय धणे आणि संत्र्याची साल. ही जात १९५० च्या दशकात हुगार्डन गावातून संपून गेली होती. पियरे सेलिस नावाच्या तिथल्याच माणसाने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. लहानपणी तो शेजारच्या ब्रुअरीत हाताखाली काम करायचा, ती ओळख कामाला आली. आपल्या या ब्रूमास्टरने तिच्यात सीहोरचा शरबती गहू घातला, कुंभराजचे धणे घेतले आणि आगर-माळव्याकडच्या संत्र्यांची साल. शरबतीची पोळी खाल्लेल्या माणसाला त्या बिअरच्या फेसात एक ओळखीचा गोडवा लागतो. आपले धणे युरोपातल्यापेक्षा मोठे आणि लांबट असतात, त्यांचा वास सौम्य आणि लिंबासारखा. पहिल्या दोन बॅचना त्याने धणे आपण भाजीसाठी भाजतो तसे भाजून घातले. बिअरला आमटीचा वास आला. त्या दोन्ही बॅच त्याने ओतून दिल्या. तिसऱ्या वेळी धणे न भाजता नुसते भरड कुटले आणि उकळी संपायला पाच मिनिटं असताना घातले. आजची चव तिथून आली आहे.

पिताना काही गोष्टी सांभाळा. चारही बिअरचा सॅम्पलर मागवला तर फिकटपासून काळ्याकडे आणि कमी कडवटपासून जास्त कडवटाकडे जा. आयपीए आधी घेतली की पुढची गव्हाची बिअर पाणी वाटणार. प्लेटमध्ये जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेलं काही आलं असेल तर ते चाखण्याआधी खाऊ नका, काळं मीठ आणि आमचूर जिभेवर बसतं आणि मग कशाचीच चव लागत नाही. चाखून झाल्यावर खुशाल खा. थंडीत मिळणारे गराडू लालसर एलबरोबर फार छान लागतात. तळलेल्या कंदाची गोडी आणि पाकाचा वास एकमेकांना धरून राहतात. ग्लास बर्फात ठेवलेला मागू नका. जीभ बधिर होते, दोषही कळत नाहीत आणि गुणही. गव्हाची बिअर ६ ते ८ अंशांवर द्यावी, स्टाऊट १० ते १२ वर. स्टाऊट जास्त गार आला तर हातात धरून दहा मिनिटं थांबा.

आणि फेस हवाच. आपल्याकडे "झाग मत देना, भिया, पूरा भर दो" म्हणायची सवय आहे, आपले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. पण फेस नसेल तर वास वर येत नाही आणि न निघालेला वायू पोटात जाऊन फुगतो, मग दुसऱ्या ग्लासाआधीच जड वाटतं. दोन बोटं फेस मागा. तो खाली जाताना ग्लासाच्या आतल्या बाजूला जाळीसारखी वलयं राहिली तर ग्लास स्वच्छ धुतलेला आहे. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे तेल किंवा साबण राहिला आहे. तेव्हा ग्लास बदलून मागा आणि मगच बिअरबद्दल मत बनवा.

लिहाल तेव्हा एका भेटीवर लिहू नका. ब्रूपबची बिअर बॅचगणिक बदलते, त्यामुळे महिनाभरात निदान तीनदा जा, एकदा तरी मधल्या वारी, गर्दी नसताना. प्रत्येक वेळी तीच साधी बिअर आधी प्या आणि बॅच कधी टॅपवर आली ते विचारून टिपून ठेवा. दोष दिसला तर आधी त्यांना सांगा. पुढच्या बॅचला काय केलं ते बघा आणि मग दोन्ही गोष्टी लिहा. एखाद्याने दोष ऐकून घेऊन सुधारला, ही त्या जागेबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. 'जबरदस्त' आणि 'बेकार' हे दोन शब्द वगळून लिहून पाहा, बाकीचं आपोआप नेमकं होतं. आपल्या राज्यात २१ वर्षांखालच्यांना बिअर देत नाहीत, तेव्हा मित्रमंडळींत कुणी लहान असेल तर त्याला त्या दिवशी नेऊ नका. आणि चार नमुने चाखले तरी ते पिणंच असतं. परत येताना रिक्षा करा.

त्या लोण्याच्या बॅचनंतर काय झालं ते सांगते. मी सांगितल्यावर त्याने वाद घातला नाही, उरलेली बिअर टॅपवरून उतरवली. मग मालकाशी बोलून एक टाकी फक्त पिल्सनरसाठी बाजूला काढली. परवा गेले तेव्हा काचेपलीकडची टाकी त्याने मला दाखवली. आमच्या लॅबमध्ये असायची तशी पाटी आणि त्यावर खडूने तीन तारखा: यीस्ट टाकल्याची, १६ अंशांवर नेल्याची, गार केल्याची. शेजारी दोन ग्लास झाकून ठेवले होते, एक साधा, एक गरम पाण्यातून काढलेला. मी दोन्हींना नाक लावलं. लोणी नव्हतं. पण त्याने चौथी तारीख अजून लिहिली नव्हती, टॅपवर कधी येणार ती. आणखी तीन आठवडे लागतील म्हणाला. तेव्हा तुम्ही या महिन्यात गेलात तर विटबिअर घ्या, आणि पिल्सनरसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा जा.